दुसरं धुराडं

काढणीचा महिना, २

आमादिओचा दिवा आज पुन्हा बारीक दिसला. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांचं काही असेल. चष्मा पुसला, खिडकीची काच पुसली. दिवा तेवढाच. पूर्वी त्याच्या खिडकीचा चौकोन दिसायचा, आत तो खुर्चीत बसून डुलक्या घेतोय हेसुद्धा कळायचं. आता नुसता मोहरीएवढा ठिपका.

दिवा बारीक झालेला नाही. माझं घर लांब चाललंय.

आमच्या लिउकुर गावात घरं म्हणजे अंतराळात तरंगणारे कोरलेले दगड, ते थोडेफार इकडेतिकडे होतच असतात. दगडच ते, कुणाला बांधलेले थोडेच आहेत. पण बाकीच्यांचे गेले तर परतही येतात. माझा मात्र सासरी रुसलेल्या सुनेसारखा एकाच दिशेनं निघालाय, काळ्या मेंढीकडे. गावाच्या पाठीमागे तो ताऱ्यांच्या धुळीचा गुलाबी पदर पसरलाय, तिथं सगळ्यांच्या नजरा. माझ्या मागच्या भिंतीकडे मात्र काळी मेंढी, जिच्या लोकरीत एक तारा दिसत नाही. आपली माणसं गेली की आम्ही तिच्याच हवाली करतो. माझ्या नवऱ्याला, रोसेंदोलाही केलं. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण इतक्यात तिच्याकडे जायची मला घाई नाही.

एउदोसिया गावाची मुखत्यार. परवा रेडिओवर म्हणाली, "तेओलिंदा, शेवटच्या दीपखांबापासून तू आता हाकेवर आहेस. त्याच्या पलीकडे खडीचा मारा. तिकडे मी कुणाची होडी पाठवणार नाही, सांगून ठेवते." म्हणजे पाणी नाही, बियाणं नाही, माणूस नाही. म्हणजे घर सोडा.

आज मिल्काओच्या दोन खेपा भाजल्या. खाणारी मी एकटी. पण भट्टी पेटली की धुराड्यातून वाफेचा तुरा गावाकडे निघतो, बाहेरच्या थंडीत गोठून चमकतो, आणि ज्याला भूक असेल त्याला कळतं, तेओलिंदाकडे बटाट्याची भाकर झाली. आमच्यात निरोप धाडायची रीत नाही. धुराडं शेजाऱ्याच्या तोंडाला ठेवायचं, तेच बोलावणं. आजी म्हणायची, बोलावून आणलेला पाहुणा म्हणजे उसनं आणलेलं मीठ.

आज कोणी आलं नाही. उद्या तीन खेपा भाजीन.

काढणीचा महिना, ६

नेरेइदाशी बोलणं झालं. लेक मोठ्या बंदरात राहते. तिथं म्हणे खिडकीतून एका वेळी हजार दिवे दिसतात.

"आई, ते घर सोड आता. इथं ये. तुला खोली काढून ठेवलीय."

"खोलीत भट्टी आहे का?"

"इथं कोणी घरी भाजत नाही गं. खाली दुकान आहे."

"मग मी तिथं काय करू, खिडकीत बसून दिवे मोजू?"

"विश्रांती घे."

"विश्रांती मी मेंढीच्या पोटात घेईन, भरपूर."

ती म्हणाली, "निदान मिंगा तरी मागून बघ. आमादिओकाका नाही म्हणतील असं वाटतं तुला?"

वाटत नाही. पण मिंगा, म्हणजे सगळ्या गावाची मदत, मागायची तर दारोदार जायचं, हातात गरम भाकर घेऊन. घर ओढायला चला म्हणायचं. माझ्या जन्मात मी कुणाच्या दारात काही मागायला उभी राहिले नाही. लोक माझ्या दारात यायचे. रोसेंदो होता तेव्हा तर दाराला कडी लावायची सवड नव्हती.

हल्ली येत नाहीत. लांब पडतं, असं म्हणतात. माझ्या भाकरीची चव गेली असेल, असंही कधी वाटतं. विचारणार कुणाला?

काढणीचा महिना, ९

गेले. गेलेच शेवटी.

सगळ्यात आधी आमादिओकडे, कारण त्याचं घर पहिलं लागतं, दुसरं काही नाही. नेरेइदाच्या नामकरणात तिला पाण्यावर धरणारा, तिचा मानलेला बाप तो, तेव्हापासून मी त्याची कोमाद्रे आणि तो माझा कोंपाद्रे. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली. घर असं, की भांडी कुठली आणि हत्यारं कुठली ते ओळखू येऊ नये.

रीत अशी आहे, की मागणारीनं मागणं बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं हो-नाही न म्हणता भाकरीचा घास घ्यायचा. घास घेतला की शब्द दिला. मी होडीत बसून वाक्य पाठ करत गेले होते. दार उघडलं, मी भाकर पुढे केली, आणि मी तोंड उघडायच्या आत या माणसानं अर्धी भाकर तोंडात घातली! मला पुढचं बोलताच आलं नाही. खादाड मेला. रीतभात काही उरलेली नाही.

"अरे, ऐक तरी आधी!"

"ऐकलं," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "किती वर्षं लावलीस, कोमाद्रे."

टोमणाच होता. मी लक्ष दिलं नाही.

बाकीच्यांकडे तोच माझ्याबरोबर आला. गरज नव्हती. म्हणे त्यालाही तिकडे काम होतं. सगळ्यांनी घास घेतला. एकाही घरातून भाकर परत आली नाही. येताना होडीत मला एकदम रडू आलं. आमादिओ समोर बघत होडी हाकत राहिला आणि नांगराच्या साखळीबद्दल काहीतरी लांबलचक सांगत राहिला.

काढणीचा महिना, १५

मिंगा झाली. हात दुखतायत म्हणून कमी लिहिते.

घर ओढताना चूल विझू द्यायची नसते. थंड चुलीचं घर म्हणजे नुसता दगड, आणि दगड कोण ओढणार? म्हणून सकाळपासून भट्टी भडकलेली. अंगाला वजन यावं म्हणून आतलं पिंप फिरतंय, त्यात मी उभी, पिठानं कोपरापर्यंत माखलेली. बाहेर गावातल्या झाडून सगळ्या होड्या, दोर ताणलेले, आणि आमादिओ रेडिओवर ओरडतोय, "ओढा! ओढा! अजून!"

घर हलायला तयार नव्हतं. हललं तरी अडून अडून.

"तेओलिंदा," कोणीतरी ओरडलं, "रोसेंदोच्या आळसाची पोती अजून घरातच ठेवलीस काय?"

"ती पोती तुझ्याकडेच आली की, त्याच्या माघारी!" मी म्हटलं. सगळे हसले. हसण्यात जोर लागला बहुतेक, कारण त्यानंतर दगड आला.

पोचलो तेव्हा पदर सगळ्या खिडक्यांतून आत आला होता. भिंती गुलाबी, पीठ गुलाबी, आमादिओचं टक्कलही गुलाबी. सगळे जेवले. भांड्याला चिकटलेलंही ठेवलं नाही. सफरचंदाची दारू, चिचा, संपली, मग कोणीतरी आणखी घेऊन आलं. दाराला कडी लागली नाही.

माझ्या दारापासून आमादिओच्या दारापर्यंत एक दोर बांधून ठेवलाय. दगड नव्या जागी निजेपर्यंत तो राहतो. दोराचं टोक कडीला, कडीला आतून घंटा. दगड चुळबुळला तर घंटा वाजते. बियांचा महिना सरेपर्यंत दगड निजला पाहिजे.

खिडकीतून चौकोन दिसतो. आत तो खुर्चीत डुलक्या घेतोय.

बियांचा महिना, १

आमादिओ दोर ओढतो.

सकाळी भाकरीला बसले, तर घंटा वाजायला लागली. दोर काठीसारखा ताठ. मी रेडिओ लावला.

"कोंपाद्रे, दोर सोड."

"मी कुठं धरलाय? तूच ओढतेस. माझे पेले टेबलावरून घसरले!"

"माझ्या हातात कणीक आहे. दोर कसा ओढू?"

"मला काय माहीत, तू काहीही करू शकतेस."

मी रेडिओ बंद केला. त्याच्यासाठी बांधून ठेवलेली भाकर मीच खाल्ली. दुपारी घंटा गप्प झाली. तो दमला असेल.

बियांचा महिना, ५

पुन्हा. तीन खेपा भाजल्या, आज पोरंटोरंही आली होती खायला, आणि तितका वेळ घंटा टणटण. एक पोरगी म्हणाली, आजी, तुझं घर हसतंय. मला हसू येत नाही.

बियांचा महिना, ८

एउदोसिया आली. दोराला हात लावून उभी राहिली, बराच वेळ. ती कठोर नाही, पण जे आहे ते आहे म्हणणारी बाई आहे.

"दगड निजत नाहीये, तेओलिंदा."

"नवी जागा आहे. मलाही झोप लागत नाही."

"महिना सरला की दोर सोडावा लागेल. आणि एका घराला एकच मिंगा, हे तुला सांगायला नको." मग आवाज उतरवून म्हणाली, "काही काही दगडांना जायचंच असतं गं. त्यात माणसाचा दोष नसतो. नेरेइदाकडे खोली आहे ना?"

मी तिला चार भाकरी बांधून दिल्या. तिनं नको नको म्हणत घेतल्या.

ती गेल्यावर बसून राहिले. खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. खोलीची नाही. या दगडाला मी नकोशी झालेय, याची. भिंतीवर रोसेंदोनं पाठीनं टेकून टेकून एक गुळगुळीत जागा केलीय. ती जागा बंदरात कशी नेणार?

बियांचा महिना, १३

ताप होता. परवापासून उठले नाही. भट्टी थंड, मी गरम.

दारावर थाप पडली. बघते तर आमादिओ, हातात झाकणाचं भांडं.

"पुन्हा काय? पेले फुटले?"

"नाही. घंटा वाजली नाही," तो म्हणाला. "दोन दिवस झाले."

"मग बरंच आहे की. तुझा त्रास वाचला."

"हं," म्हणाला आणि आत आला. शेवाळाचं सूप होतं, खारट, घशाला ओरबाडणारं. मी सगळं प्याले. तो भिंतीशी बसला, रोसेंदोच्या जागेच्या जरा अलीकडे. रोसेंदोच्या जागेवर तो कधी बसत नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. बहुतेक ती जागा थंड असावी.

जाताना म्हणाला, "दोर बघितलास? झोपाळ्यासारखा लोंबतोय."

बियांचा महिना, १४

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ताप उतरला. उठून भट्टी पेटवली, पहिली खेप घातली आणि सहज दाराशी गेले. दोर ढिलाच होता. मग धुराड्यातून वाफ सुटली. पांढरा तुरा गावाकडे निघाला, नेहमीसारखा, सुरेख. आणि माझ्या हाताखाली दोर हळूहळू ताठ झाला. घंटा वाजली.

मी भट्टी झाकली. थोड्या वेळानं दोर ढिला.

पुन्हा उघडली. पुन्हा ताठ.

असं किती वेळा केलं कोण जाणे. भाकरी करपल्या.

लहानपणी आम्ही पोरं होडीच्या शेपटाकडे उभं राहून पिशव्या फेकायचो. पिशवी तिकडे, होडी इकडे. एवढं सगळ्या पोरांना कळतं. आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज, एक दिवस न चुकता, गावाच्या तोंडावर वाफ फेकतेय, आणि विचारतेय की घर लांब का जातंय. रोसेंदो गेल्यावर लोक कमी झाले म्हणून जास्त भाजायला लागले. जास्त भाजलं म्हणून लांब गेले. लांब गेले म्हणून लोक आणखी कमी आले. मिंगेच्या दिवशी तर बिचारे इकडून ओढतायत आणि मी आतून त्यांनाच ढकलतेय, त्यांच्यासाठीच भाकरी करून.

दगडाला मी नकोशी झाले नव्हते. एवढंच कळलं तरी हलकं वाटलं. मग जरा रडले. मग करपलेल्या भाकरीचा वरचा थर काढून आतलं खाल्लं. चांगलं होतं.

बियांचा महिना, १५

आमादिओला सांगितलं. इतका हसला की ठसका लागून त्याला पाणी द्यावं लागलं.

"तरीच! मी म्हणायचो, ही बाई भाकरी दाखवते आणि पळून जाते!"

"हसू नकोस. बाकीच्यांची घरं का जात नाहीत, ते सांग."

तो बोटानं हवेत घरं काढायला लागला. "ती मधली आहेत. दोन्हीकडे शेजारी, म्हणून दोन्हीकडे धुराडी. इकडून ढकललं, तिकडून ढकललं, जागच्या जागी. तुझं घर कडेचं. तुला एकच बाजू."

"म्हणजे धुराडं बुजवायचं."

त्याचं हसू गेलं. "आणि आम्हाला कळायचं कसं?"

ते धुराडं रोसेंदोनं कोरलंय, लग्नाच्या आधी, माझ्यासाठी. गावाकडे तोंड करून. त्यात बोळा कोंबायचा म्हणजे... पुढे लिहवत नाही.

बियांचा महिना, १८

उपाय साधा आहे, पण रीत आडवी येते. मागच्या भिंतीला दुसरं धुराडं पाडायचं, म्हणजे मधल्या घरांसारखं होईल. पण धुराडं फक्त शेजाऱ्याकडे उघडतात. शेजारी नसेल तिकडे उघडणं म्हणजे अन्न फेकून देणं. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं.

एउदोसिया, आमादिओ आणि गावातली चार जाणती माणसं माझ्याकडे जमली. मी दोर, भट्टी, घंटा सगळं तीनदा करून दाखवलं. एउदोसियानं तिन्ही वेळा दोराला हात लावून पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "पण तिकडे धुराडं कसं पाडू देऊ? तिकडे मेंढी आहे. मेंढीच्या तोंडाला वाफ सोडणार? तिकडे कोण आहे तुझं?"

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं.

"रोसेंदो आहे."

भट्टीत एक भाकर फुगत होती तिचा फसफस आवाज तेवढा.

"तुझी आईसुद्धा तिकडेच आहे, एउदोसिया," मी म्हटलं. "आमादिओची बायको आहे. तुम्हा सगळ्यांचं कोणी ना कोणी आहे. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून भाजतेय. त्यांना वास तरी येऊ दे."

एउदोसियानं डोळे पुसले नाहीत, ती पुसत नाही. तिनं ताटातली भाकर उचलली आणि घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतला. आमादिओनं सगळ्यात शेवटी, आणि या वेळी हळू.

बियांचा महिना, २१

आमादिओनं दुसरं धुराडं पाडलं. दोन दिवस मागच्या भिंतीशी ठाकठोक. मदतीला कोणाला घेतलं नाही, म्हणे दुसऱ्याचा हात लागला की माप बिघडतं.

संध्याकाळी पहिली खेप घातली. एक तुरा गावाकडे, पदरासमोर चमकणारा. एक मागे, काळोखात. मागचा दिसेल असं वाटलं नव्हतं, पण भट्टीचा उजेड त्याच्यावर पडत होता, आणि मेंढीच्या काळ्या लोकरीत पांढरी रेघ लांब, लांब जात राहिली. मी आणि आमादिओ मागच्या खिडकीशी उभे होतो.

"आवडेल आमच्या हिला," तो म्हणाला. "तुझ्या हातचं आवडायचं."

"रोसेंदो म्हणेल, मीठ कमी आहे."

"आहेच कमी."

घंटा वाजली नाही.

अंकुरांचा महिना, २

महिना सरला. एउदोसिया आली, दोराला हात लावला, कान लावला, आणि म्हणाली, "निजला." दोर सोडला. पोरांनी घंटेसाठी भांडण केलं, पण आमादिओ म्हणाला ती माझी, आणि घेऊन गेला. त्याला घंटा कशाला हवी? ज्याचं त्याला ठाऊक.

नेरेइदाला कळवलं. ती म्हणाली, "मग खोली?" मी म्हटलं, राहू दे, तूच रिकामी झालीस की इथं येऊन जा, इथंही दिवे दिसतात. मोजायला सोपे.

अंकुरांचा महिना, २०

कोणी ना कोणी रोज असतं. पीठ पुरत नाही. तक्रार नाही करत, नुसतं लिहून ठेवते.

एक गोष्ट मात्र. आमादिओच्या खिडकीचा चौकोन मोठा झालाय. आधी खुर्ची दिसायची. आता खुर्चीवरच्या उशीचं ठिगळही दिसतं. म्हणून मागच्या धुराड्यात हात घालून पाहिला. पुढच्यापेक्षा चांगलं दोन बोटं रुंद आहे. म्हणजे मागून जास्त ढकलतंय. म्हणजे घर गावाकडे सरकतंय. नीट सांगायचं तर गावाकडेही नाही, त्याच्याच घराकडे.

रेडिओ लावला.

"कोंपाद्रे, माप चुकलंय तुझं. मागचं मोठं झालं."

"असेल. वय झालं, हात थरथरतो."

"चिचा ओतताना नाही थरथरत तो."

"चिचा वेगळी." मग म्हणाला, "मी आज अंगण झाडून घेतलं."

"ते कशाला?"

"धूळ होती."

आयुष्यभर दगड कोरले आणि मेल्याला अजून दोन बोटांचं माप साधत नाही. एउदोसियाला सांगावं का, असा विचार केला. पण ती कामात असते. आणि सरकतंय ते काय, केसाकेसानं. तिथवर पोचायला आम्हा दोघांची आयुष्यं पुरायची नाहीत.

काढणीनंतर बुजवून घेईन म्हणते, ती दोन बोटं. घाई कसली.

उद्या चार खेपा भाजायच्या आहेत.